आहारशास्त्राची पदवी : उकड्या पेजेपासून रुग्णशय्येपर्यंत

बारावीचा निकाल हाती आला की गड नदीच्या काठच्या मसुरे गावातही तीच चर्चा सुरू होते, जी मुंबई-पुण्यातील घरांत चालते. विज्ञान शाखा घेतलेली आहे, जीवशास्त्राची आवड आहे, रुग्णसेवेची ओढ आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशाची शक्यता दिसत नाही. मग परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, प्रयोगशाळा-तंत्रज्ञान अशी नावे पुढे येतात. या यादीच्या तळाशी कधी तरी ‘आहारशास्त्र’ हा शब्द येतो आणि घरातील वडीलधारे किंचित हसून विचारतात, “काय खावे हे शिकायला विद्यापीठात कशाला जायला हवे? ते तर तुझ्या आजीलाही ठाऊक आहे.”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आजीला खरोखरच पुष्कळ ठाऊक असते. तरीही मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार घरोघरी पोहोचलेल्या काळात, कोणी काय आणि किती खावे याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत रुग्णाला आपल्या शरीराने मोजावी लागते. म्हणून आहारशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण म्हणजे नेमके काय, त्यातून आरोग्यक्षेत्रात कोणती वाट निघते आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी कुटुंबाने काय पारखून घ्यावे, याचा विचार या अंकात करू.

पेजेच्या वाटीतील शास्त्र

मालवणी मुलखात सकाळी उकड्या तांदळाची पेज घेण्याची रीत आहे. भात भिजवायचे, उकडायचे, वाळवायचे आणि मगच भरडायचे. हा खटाटोप का करायचा, असे विचारले तर “पेज चांगली होते, पोटाला आधार राहतो” असे उत्तर मिळते. शास्त्राचे उत्तर याच्या पुढे जाते. तांदळाच्या कोंड्यात थायामिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व असते. भात तुसासकट भिजवून उकडले की या जीवनसत्त्वाचा काही भाग कोंड्यातून दाण्याच्या आत शिरतो. त्यामुळे पुढे तांदूळ भरडला, सडला, तरी सारेच थायामिन कोंड्याबरोबर निघून जात नाही. कच्चे भात सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळात मात्र ते फारच थोडे उरते.

हा फरक एके काळी जीवनमरणाचा होता. थायामिनच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो. त्यात मज्जातंतू आणि हृदय दुर्बळ होतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच वैद्यकाला असे दिसले की, सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्याचा अंश असलेला तांदूळ दिल्यावर त्या सावरतात. या वाटेने जीवनसत्त्वांचा शोध पुढे गेला आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीचे काम सुरू केले. तेच काम वाढत जाऊन पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. १९५८ साली ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीयांनी रोज किती प्रथिने, किती लोह, किती कॅल्शियम घ्यावे याची जी कोष्टके देशभरातील आहारतज्ज्ञ वापरतात, ती या संस्थेच्या कामातून तयार होतात.

सांगायचे ते एवढेच की, ज्या प्रश्नातून भारतातील पोषणविज्ञानाचा आरंभ झाला, त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मसुरे येथील सकाळच्या वाटीत आधीपासून होता. परंपरेने उपाय जपला होता. तो का लागू पडतो, किती प्रमाणात लागू पडतो आणि कोणाला पुरत नाही, हे मात्र शास्त्राला शोधावे लागले. विद्यापीठात शिकायचे ते हे ‘का’, ‘किती’ आणि ‘कोणाला’.

एका मराठी स्त्रीने उघडलेली वाट

या शिक्षणाचा विचार करताना डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. पूर्वाश्रमीच्या त्या कमला भागवत. विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. केवळ स्त्री म्हणून त्यांचा अर्ज नाकारला गेला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले आणि त्या वर्षीच्या कामानेच त्यांनी नियमित प्रवेश मिळवला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या घटकावर काम करून १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. परदेशात राहणे शक्य असूनही त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतलेले विषय पाहा : नीरा, कडधान्ये, तांदूळ, गरिबाच्या तोंडी जाणारे पदार्थ. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे काही घटक असतात आणि नीट शिजवल्याने त्यांचा प्रभाव बहुतांशी नाहीसा होतो. अशा घटकांचा भारतीय अन्नपदार्थांच्या संदर्भात ज्यांनी आरंभी अभ्यास केला, त्यांत सोहोनी यांची गणना होते. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नातील भेसळीविषयी लोकांना जागे करीत राहिल्या.

कुलीन घरातील मुलीने ‘स्वयंपाकाचा विषय’ घेतला, असे म्हणणाऱ्यांना हे चरित्र पुरेसे उत्तर आहे. विषय चुलीपासून सुरू होत असला, तरी त्याचा पाया रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांत आहे, आणि त्याचे फळ सामान्य माणसाच्या ताटात दिसावे अशी अपेक्षा आहे.

विद्यापीठात नेमके काय शिकवले जाते

पहिल्या दोन वर्षांत पाकक्रियेपेक्षा प्रयोगशाळेचाच सहवास अधिक घडतो. जीवरसायनशास्त्र, मानवी शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय टाळता येत नाहीत. गर्भवती, स्तनदा माता, अर्भक, वाढीच्या वयातील मूल, वृद्ध अशा आयुष्याच्या प्रत्येक टप्प्याच्या गरजा पुढे येतात. त्यानंतर रोगावस्थेतील आहार, समुदाय पोषण, सामूहिक भोजनव्यवस्था आणि समुपदेशन यांचा क्रम लागतो. शेवटी रुग्णालयात आणि वस्तीत प्रत्यक्ष काम करावे लागते.

हे सारे कोरडे वाटू नये म्हणून कोकणातल्या ताटाचेच उदाहरण घेऊ. कुळथाची पिठी ही प्रथिनांनी युक्त, हे सर्वांना माहीत आहे. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, हेही खरे. परंतु एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या पिठीत पीठ असते साधारण २५ ग्रॅम. म्हणजे प्रथिने मिळाली साडेपाच ग्रॅम. प्रौढ निरोगी व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. तेव्हा पिठी उत्तम असली, तरी तेवढ्यावर दिवस भागत नाही. तिच्या जोडीला बांगडा, तारली, अंडे, दूध किंवा काळ्या वाटाण्याची उसळ हवी. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. श्रावणात मासे वर्ज्य असतील, तर ही उणीव कशाने भरायची हा प्रश्न आहारतज्ज्ञासमोर येतो. भातात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते, म्हणून भात आणि उसळ एकमेकांना पूरक ठरतात, हेही येथेच शिकायला मिळते.

नाचणीचे तसेच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. आकडा पाहून नाचणीचा जयजयकार करणे सोपे आहे. विद्यार्थ्याला मात्र पुढचा प्रश्न विचारला जातो : यातील शरीरात किती शोषले जाते? नाचणीतील फायटेट हा घटक खनिजांच्या शोषणाला अडथळा करतो आणि मोड आणल्यावर तो कमी होतो. मोड आणून, वाळवून, दळून बाळाला नाचणीची पेज देणाऱ्या आजीची रीत येथे प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरते. सगळ्याच रीती अशा उतरतात असे नाही. जेवण संपताच कडक चहा घेण्याची सवय लोहाचे शोषण कमी करते. ज्या स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिच्या बाबतीत ही साधी सवयही बदलावी लागते.

सर्वांत पायाभूत शिक्षण मोजण्याचे असते. ‘एक वाटी’ म्हणजे कोणत्या घरातील वाटी? पेजेत तांदूळ किती आणि पाणी किती? नारळाचे वाटप किती माणसांत विभागले गेले? गेल्या २४ तासांत काय खाल्ले हे माणसाला विचारताना त्याला लाज न वाटता खरे सांगता यावे, असे प्रश्न कसे विचारायचे? चांगल्या महाविद्यालयात विद्यार्थी या प्रश्नांवर महिनोन्महिने हात बसवतात. वर्तमानपत्रातील आहारविषयक चौकट वाचून सल्ला देणारा आणि हे शिक्षण घेतलेला, या दोघांत अंतर पडते ते येथे.

रुग्णशय्येजवळची जबाबदारी

आता ज्या कारणासाठी या विषयाची पदवी आरोग्यसेवेत मोडते, त्याकडे वळू. आपल्याकडे रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची पद्धत आहे. ताप, अतिसार अशा आजारांत ते उपकारकही ठरते. पण मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाचे काय? एका मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम सहज असू शकते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. दुर्बळ मूत्रपिंडाला ते जमत नाही. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदयाचे स्पंदन बिघडू शकते. प्रेमाने नेलेली वस्तू एका रुग्णाला बळ देते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला धोक्यात टाकते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा खारवलेला बांगडा आणि सुकट घरोघरी निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. उच्च रक्तदाबाचा रुग्ण “मी वरून मीठ घेतच नाही” असे प्रामाणिकपणे सांगत असतो आणि खाऱ्या माशाच्या एका तुकड्यातून दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा त्याच्या पोटात गेलेला असतो. ज्याला मालवणी पावसाळ्याचे ताट ठाऊक नाही, तो आहारतज्ज्ञ हा प्रश्न विचारणारच नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाची गोष्ट आणखी वेगळी. टाकळा, शेवग्याचा पाला यांसारख्या हिरव्या भाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे या औषधाचा परिणाम बदलतो. अशा रुग्णाला पालेभाजी बंद करायची नसते. तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवायचे असते. पहिल्या पावसात टाकळा उगवला म्हणून चार दिवस ओळीने भाजी झाली, तर डॉक्टरांना ते कळायला हवे.

‘हिरवी भाजी चांगली’, ‘शहाळे चांगले’, ‘मासे चांगले’ ही सर्वसाधारण विधाने खरी असूनही त्या-त्या रुग्णापुरती अपुरी किंवा घातकही ठरू शकतात. म्हणून काही आठवड्यांचा वर्ग करून ‘डाएट’ देणाऱ्या व्यक्तीकडे मधुमेह, मूत्रपिंडविकार किंवा गर्भावस्थेतील तक्रारी घेऊन जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कोणी परस्पर भात, पेज बंद करायला सांगितले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. प्रशिक्षित आहारतज्ज्ञ औषधे, रक्ततपासण्या, वजन आणि जेवणाच्या वेळा एकत्र पाहतो आणि डॉक्टरांशी बोलून मगच आहारात बदल सुचवतो.

याला जोड हवी ती भाषेची. मुंबईत छापलेला तक्ता हाती ठेवून ‘ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल’ असे सांगितले, तर मसुरे येथील सत्तरीच्या आजी तो कागद देव्हाऱ्यामागे खोचून ठेवतील आणि पूर्वीसारखेच जेवतील. त्याऐवजी “आजी, पेज सोडूक नको; नुसती वाटी ठरवून घेवया” असे त्यांच्या बोलीत सांगितले तर निम्मे काम होते. आपल्या गावातून शिकायला गेलेल्या मुलीचे किंवा मुलाचे हे भांडवल आहे. ते विद्यापीठ देऊ शकत नाही. फक्त त्याला शास्त्राची धार लावू शकते.

रुग्णालयाबाहेरचे क्षेत्र

आहारतज्ज्ञ म्हणजे रुग्णालयातील पांढरा कोट, एवढीच कल्पना धरू नये. समुदाय पोषण ही या विषयाची दुसरी मोठी शाखा आहे. १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आणि तिच्या अंगणवाड्या, शाळांतील माध्यान्ह भोजन, २०१८ पासूनचे पोषण अभियान, तीव्र कुपोषित बालकांसाठीची पोषण पुनर्वसन केंद्रे या साऱ्या व्यवस्थांना पोषणाचे शिक्षण घेतलेल्या माणसांची गरज असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण समजतात. गर्भवतीच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजतात. ही मोजमापे करणे सोपे असते. त्यानंतर त्या घरातील चुलीपाशी काय बदलता येईल, हे ठरवणे कठीण. शिक्षणाचा उपयोग तेथे होतो.

मोठ्या प्रमाणावर अन्न शिजवण्याचे आणि वाढण्याचेही एक शास्त्र आहे. मसुरे गावच्याच आंगणेवाडीत भराडी देवीच्या यात्रेला लोटणारा जनसागर आपण दर वर्षी पाहतो. अशा गर्दीच्या ठिकाणी हॉटेले आणि खाद्यपदार्थांची दुकाने थाटली जातात, तेव्हा पाणी कोठून येते, शिजवलेले अन्न किती वेळ कोमट अवस्थेत राहते, हे प्रश्न आरोग्याचे असतात. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न एक तर चांगले गरम किंवा चांगले थंड ठेवावे लागते. रुग्णालयांची, वसतिगृहांची, कारखान्यांची स्वयंपाकघरे चालवणे हे या पदवीधरांचे मान्यताप्राप्त कार्यक्षेत्र आहे. याखेरीज खेळाडूंचा आहार, अन्नप्रक्रिया उद्योगातील उत्पादनांचे पोषणमूल्य व वेष्टनावरील माहिती, अध्यापन आणि संशोधन या वाटा आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषण या विषयाचे पदव्युत्तर शिक्षणही घेता येते.

अभ्यासक्रम निवडताना

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या आणि आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात गृहविज्ञान महाविद्यालय आहे. मुंबईतच निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वी गृहविज्ञान आणि आता सामुदायिक विज्ञान या नावाने हे शिक्षण चालते. सिंधुदुर्गाच्या दृष्टीने आणखी एक ठिकाण लक्षात ठेवावे : पणजीचे गोवा गृहविज्ञान महाविद्यालय. आपल्याला ते मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे. मात्र अन्य राज्यातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचे नियम आणि शुल्क काय, याची थेट महाविद्यालयात चौकशी करावी.

नावांवर जाऊ नये, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. ‘गृहविज्ञान’ हे नाव जुने वाटले, तरी त्याखाली पोषणाचा भक्कम अभ्यासक्रम असू शकतो. उलट ‘वेलनेस’, ‘लाइफस्टाइल’ अशा आकर्षक नावाखाली प्रयोगशाळाही नसू शकते.

आणखी दोन गोष्टी पालकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट कायद्याची. वैद्यकीय सेवेशी संलग्न व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीचा कालावधी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचा असावा लागतो आणि व्यवसायासाठी नोंदणीची तरतूद आहे. त्यामुळे निवडलेला अभ्यासक्रम या चौकटीत बसतो का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे. दुसरी गोष्ट दूरशिक्षणाची. घरी राहून पदवी मिळेल, वसतिगृहाचा खर्च वाचेल, असा विचार गावाकडे स्वाभाविक आहे. परंतु अन्न व पोषणविज्ञान, तसेच चिकित्सात्मक पोषण यांसारख्या विषयांतील दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद करण्याचा निर्देश विद्यापीठ अनुदान आयोगाने दिला आहे. अशी पदवी कोणी देऊ करीत असेल, तर सावध राहावे.

इंडियन डायटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ पासून कार्यरत आहे. ठराविक शिक्षण आणि रुग्णालयातील प्रशिक्षण पूर्ण केल्यावर तिची ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ परीक्षा देता येते आणि मोठ्या रुग्णालयांत तिला मान आहे. तेव्हा केवळ पदवीवर न थांबता पदव्युत्तर शिक्षण व प्रशिक्षण धरून पाच-सहा वर्षांचा हिशेब घरात आधीच मांडलेला बरा.

महाविद्यालय पाहायला जाल, तेव्हा हे प्रश्न विचारा :

• रुग्णालयातील प्रशिक्षण किती आठवड्यांचे आणि कोणत्या रुग्णालयात? विद्यार्थी तेथे रुग्णांशी स्वतः बोलतात की केवळ स्वयंपाकघरात उभे राहतात?

• जीवरसायन आणि अन्नविश्लेषणाची प्रयोगशाळा आहे का? ती उघडून दाखवतील का?

• वस्तीत, अंगणवाडीत जाऊन करायचे काम अभ्यासक्रमात आहे का?

• मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज काय करीत आहेत? त्यांच्यापैकी एखादीशी बोलता येईल का?

• मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीसाठी काही साहाय्य मिळते का?

यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर इमारत कितीही देखणी असली तरी पुन्हा विचार करावा.

कुटुंबाने काय अपेक्षा ठेवावी

या क्षेत्रातील आरंभीचे वेतन बेताचे असते. छोट्या रुग्णालयांना स्वतंत्र आहारतज्ज्ञ परवडत नाही, आणि पुष्कळांना त्याची गरजही वाटत नाही. ओरोसला २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जिल्ह्यातील आरोग्यसेवा विस्तारत आहे. तरीही शिक्षण संपताच गावाजवळ नोकरी मिळेल, असे गृहीत धरू नये. पहिली काही वर्षे मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात काढावी लागतील. मुलीला शिकवायला पाठवतानाच लग्नाची तारीख मनात धरली असेल, तर तेही स्पष्ट बोलून घ्यावे. अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणातून ना व्यवसाय उभा राहतो, ना समाधान मिळते. मुलग्यांनाही हा विषय वर्ज्य नाही. रुग्णालये, क्रीडा क्षेत्र, अन्न उद्योग यांत ते काम करीत आहेत. मात्र काही संस्था केवळ स्त्रियांसाठी आहेत, एवढे पाहून अर्ज करावा.

आवड खरी आहे की निकालाच्या दिवसांतील तात्पुरता आसरा आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी या पंधरवड्यात घरीच करता येईल. विद्यार्थ्याने सलग तीन दिवस, त्यांत एक सुटीचा दिवस धरून, घरातील प्रत्येकाने काय आणि किती खाल्ले याची वही ठेवावी. तांदूळ शिजवण्यापूर्वी वजन करावा, माशाचे तुकडे मोजावेत, तेलाची बाटली सकाळी आणि रात्री मोजून पाहावी, चहातील साखरेचे चमचे लिहावेत. कोणी सर्वांत शेवटी जेवले आणि त्या व्यक्तीच्या ताटात काय उरले होते, हेही नोंदवावे. बहुतेक घरांत ही नोंद आईच्या नावापुढे होईल. तीन दिवसांनी ती वही वाचताना, आईच्या ताटातील बांगड्याचा तुकडा दोन दिवस का नव्हता, असा प्रश्न ज्याच्या मनात आपणहून उठेल आणि त्याचे उत्तर काढण्याची ज्याला घाई होईल, त्याने आहारशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज निःशंक मनाने भरावा.